दोन खाचा पुढे

आधीच सांगते. ही ऐकीव गोष्ट नाही. कुणीतरी कुणालातरी सांगितलेली, फोनवर फिरत फिरत आलेली तर अजिबात नाही.

ज्यांच्या बाबतीत घडली त्या माझ्या सख्ख्या नणंद. मी त्यांना ताई म्हणते. त्यांनी मला हे सगळं फक्त एकदाच सांगितलं. सलग. मध्ये पाणी प्यायलाही उठल्या नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "तुला लिहायचं तर लिही. मला मात्र वाचायला देऊ नकोस."

आणखी एक. भुताची गोष्ट म्हणजे अमावास्या, मध्यरात्र, घुबड असं काही तुमच्या डोक्यात असेल, तर ते बाजूला ठेवा.

हे उजेडात घडलं. शेवटचं तर भर दुपारी. मंगळवारी, बाराला दहा कमी असताना, आठ-दहा माणसांच्या डोळ्यांदेखत.

ताई डायलिसिस टेक्निशियन आहेत. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत त्यांचं रक्त मशीनमधून फिरवायचं, साफ करायचं आणि परत अंगात सोडायचं, हे त्यांचं काम. पहिली पाळी सकाळी सहाची. त्याआधी मशीन धुवायचं, नळ्या भरायच्या, पाणी तपासायचं. म्हणजे साडेपाचला हॉस्पिटलात हजर. दुसरी टेक्निशियन आठला यायची, तोवर ताई एकट्या.

पहिली बस सहाला सुटते. ज्या नर्सबरोबर ताई जायच्या तिची बदली झाली. म्हणून गाडी.

नवी परवडणारी नव्हती. मग जुनीच घ्यायची ठरली.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक गॅरेज होतं. मालकाला सगळे मामा म्हणायचे. पोट सुटलेला, हसतमुख, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करणारा माणूस. सगळ्यांचे मामा. पण दुसऱ्याला मामा बनवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. मामांचा साडू जुन्या गाड्या विकायचा. त्याच्याकडे एक छोटी, फिकट निळी गाडी होती.

"एकहाती आहे," साडू म्हणाला. "एक बाई वापरायच्या. घर ते शिवणक्लास, क्लास ते घर. फुलासारखी जपलीय."

"मग विकली का?" ताईंनी विचारलं.

"आता त्या गाडी चालवत नाहीत."

तो खोटं बोलला नव्हता. तेवढं एक वाक्य खरं होतं.

पहिल्याच सकाळी ताई गाडीत बसायला गेल्या आणि गुडघे स्टिअरिंगला आपटले.

ताई उंच आहेत. माळ्यावरचे डबे स्टुलाशिवाय काढतात. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः सीट मागे सरकवून ठेवली होती. आता ती पुढे होती. दोन खाचा पुढे. आरसासुद्धा खाली कललेला. त्यात ताईंना स्वतःची फक्त मान दिसली.

"काल गाडीत कोण बसलं होतं?" संध्याकाळी त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं.

"किल्ली तुझ्या पर्समध्ये. मी कसा बसणार?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशीही.

सीटची खाच झिजली असेल, असं म्हणून ताई रोज सीट मागे घ्यायच्या आणि निघायच्या. दिवसभर मशीनबरोबर राहणारं माणूस ते. मशीन बिघडतं, त्याला कारण असतं, कारण सापडतं. एवढा साधा हिशोब.

मग गाडी बंद पडायला लागली.

आधी बॅटरी. मग रेडिएटरचा पंखा. मग इग्निशन कॉइल. मग क्लचप्लेट. दर दहा-बारा दिवसांनी काहीतरी. आणि दर वेळी सकाळी पाच वीसच्या सुमाराला, हॉस्पिटलच्या अलीकडे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! माझ्या सासूबाई म्हणायच्या, "हिला गाडी नाही, हत्ती दिलाय बांधून."

फोन केला की मामा स्वतः यायचे. तसे झोपेतून उठून यायचे, हे नाकारता येणार नाही. बॉनेट उघडायचे, मान हलवायचे, दोरी लावून गाडी गॅरेजात न्यायचे.

पण एक गोष्ट ताईंच्या लक्षात आली.

मामा त्या गाडीत कधीच बसायचे नाहीत.

किल्ली फिरवायची तर बाहेर उभं राहून, खिडकीतून हात घालून फिरवायचे. गाडी हलवायची तर चौघांना बोलावून ढकलायचे. गॅरेजातल्या बाकीच्या गाड्यांमध्ये मात्र बिनधास्त बसून, आत-बाहेर करायचे.

"मामा, एकदा चालवून बघा ना. उजवीकडे ओढते," ताई एकदा म्हणाल्या.

"माझं पोट मावत नाही हो तुमच्या डबीत," मामा हसले. डोळे हसले नाहीत.

एका सकाळी गाडी पुन्हा थांबली. ताई हॉस्पिटलला पोचल्या तेव्हा पावणेआठ झाले होते. सहाच्या पाळीला एक चष्मेवाले काका यायचे. चष्म्याच्या काचा घासण्यात जन्म गेलेला माणूस. त्यांच्या छातीत पाणी साठलेलं होतं, एकेक तास मोलाचा. ताई आल्या तेव्हा काका बाकावर वाकून बसलेले, ओठ निळे. त्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. चार दिवसांनी परत आले. ताईंवर रागावले नाहीत.

म्हणाले, "ताई, तेवढी गाडी बदला. माझा श्वास तुमच्या गाडीवर चालतो."

ताई त्या दिवशी घरी आल्या आणि जेवल्या नाहीत.

त्यानंतर ब्रेक मऊ लागायला लागले. पेडल दाबलं की पाय खोल जायचा. मामांनी चाकं काढली, बघितलं आणि म्हणाले, "मास्टर सिलिंडर गेलंय." मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकचं ऑइल चाकांपर्यंत ढकलणारा भाग. तो गेला की ब्रेक गेला.

"नवीनच टाका," ताई म्हणाल्या.

"नवीनच टाकणार. ब्रेक म्हणजे जीव, ताई. तिथं काटकसर नको."

बिल झालं. पेडल घट्ट झालं. ताई निश्चिंत झाल्या.

आणि दुसऱ्या दिवसापासून तो आवाज सुरू झाला.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा ताई घरासमोर गाडीच्या काचा पुसत होत्या. उजाडलेलं होतं. गाडी बंद. किल्ली खिशात. आणि आतून...

थप.

...थप.

...थप थप थप.

कुणीतरी पाय आपटावा तसा. आधी हळू. मग घाईघाईनं.

ताईंनी वाकून काचेतून आत बघितलं.

गाडीत कुणी नव्हतं.

ब्रेकचं पेडल मात्र पार खाली, जमिनीला टेकलेलं होतं. ताई बघत असतानाच ते सावकाश वर आलं. कुणीतरी पाय उचलावा तसं.

ताई तशाच उभ्या राहिल्या. मग गाडीत बसल्या, सीट मागे घेतली आणि कामावर गेल्या. "काय करणार?" त्या मला म्हणाल्या. "सहा माणसं वाट बघत होती."

पुढच्याच आठवड्यात गाडी रेल्वेपुलाच्या चढाखाली बंद पडली. मामा त्यांची पिकअप घेऊन आले. दोरी बांधली. मामा पुढे पिकअपमध्ये, ताई मागे आपल्या गाडीत, स्टिअरिंग धरून. इंजिन बंद.

चढ सुरू झाला. चढावर ओढताना दोरी ताणलेली असते, हे कुणीही सांगेल.

दोरी ढिली पडली.

ताईंना वाटलं, पिकअप थांबली. पण पिकअप चालत होती. दोरी आणखी ढिली पडली, रस्त्यावर लोंबायला लागली. ताईंची गाडी, इंजिन बंद असलेली गाडी, चढावर आपण होऊन पुढे जात होती. पिकअपच्या जवळ.

आणखी जवळ...

ताईंनी ब्रेक दाबला. पेडलवर पाय गेलाच नाही. म्हणजे पाय गेला, पण खाली पेडल नव्हतं. पेडल आधीच दाबलेलं होतं.

पिकअपच्या आरशात मामांचे डोळे दिसत होते. ते मागे बघत होते. बघता बघता ते डोळे मोठे झाले आणि पिकअपनं एकदम वेग घेतला. दोरी ताडकन ताणली.

गॅरेजात पोचल्यावर मामा बराच वेळ खाली उतरले नाहीत. उतरले तेव्हा शर्ट घामानं चिकटलेला.

"गाडीत एकट्याच होता ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"नाही... तुमच्या पुढ्यात कुणी बसलंय असं वाटलं. तुमच्या आणि स्टिअरिंगच्या मध्ये."

ताईंनी वळून आपल्या गाडीकडे बघितलं. मामा पुढे बोलतच होते.

"ताई, ऐका माझं. ही गाडी देऊन टाका. मी साडूला सांगतो, तो आहे त्या किमतीत परत घेईल. उद्याच घेईल."

आता तुम्हीच विचार करा. महिन्यातून तीनदा जी गाडी दारात येते आणि खिसा भरून जाते, ती कुठला गॅरेजवाला परत घ्यायला सांगेल? चोराच्या मनात चांदणं. ताई घरी आल्या, गाडीचे कागद काढले आणि जुन्या मालकिणीचा पत्ता शोधला.

रविवारी त्या गेल्या. गाडी घेऊनच.

दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. निवृत्त चित्रकला शिक्षक. बोटांना अजून रंग लागलेला. ताईंनी गाडीबद्दल विचारायला तोंड उघडलं, तोवर मास्तरांची नजर त्यांच्या खांद्यावरून फाटकाकडे गेली.

"ही इथं कशी?" ते म्हणाले. "ही तर भंगारात गेली."

"कोण म्हणालं?"

"गॅरेजवाला. मोडून विकली म्हणून चार पैसे दिले मला. मी घेत नव्हतो."

मग ते चपला न घालताच खाली आले. गाडीभोवती फिरले. पुढच्या पत्र्यावरून हात फिरवला, तिथं नव्या रंगाखाली पत्रा ठोकून सरळ केलेला कळत होता. आणि ड्रायव्हरच्या खिडकीशी थांबले.

"सीट तिच्याच जागेवर आहे," ते म्हणाले. "आमची ही फार बुटकी होती. दोन खाचा पुढे घेतल्याशिवाय पाय पोचायचा नाही."

ताई पाच मिनिटांपूर्वी त्या सीटवरून उतरल्या होत्या. मागे सरकवलेल्या सीटवरून.

मास्तरांनी त्यांना घरात नेलं आणि सगळं सांगितलं. बाई शिवणक्लास चालवायच्या. ब्रेक मऊ लागतात म्हणून गाडी मामांकडे टाकली होती. मामांनी नवीन मास्टर सिलिंडर टाकलं, बिल दिलं. आणि पंधरा-वीस दिवसांनी, पाण्याच्या टाकीच्या उतारावर गाडी थांबलीच नाही. खाली दगडी भिंत आहे.

"चौकशीत सगळ्यांनी सांगितलं, ब्रेक नवीन होते, बिल आहे. बाईंनी घाबरून चुकीचं पेडल दाबलं. कागदावर तसंच लिहिलं." मास्तर बोटावरचा रंग खरवडत होते. "बावीस वर्षं चालवत होती हो ती. शेवटी लोक म्हणाले, बायकांचं असंच असतं."

"गाडी तपासली कुणी?"

"मामांनीच. पोलिसांनी त्यांनाच बोलावलं होतं. तेच जवळचे."

इथून पुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही.

मंगळवारी ताईंनी सुट्टी घेतली. गावाबाहेरच्या रस्त्यावर टायरच्या दुकानामागे एक मिस्त्री बसतो, तिथं गाडी नेली आणि फक्त एवढंच सांगितलं, "मास्टर सिलिंडर बघा."

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. आत हात घातला. नखानं खरवडलं.

"हे कधी बदललं म्हणालात?"

"तीन आठवडे झाले."

"हे दहा वर्षांचं आहे, ताई. वरून चंदेरी रंग मारलाय. आत तडा आहे, बघा, ओल दिसतेय." त्यानं बोट पुसलं. "नवीन ऑइल भरून हवा काढली की पंधरा-वीस दिवस पेडल घट्ट लागतं. मग एक दिवस एकदम जातं. आता गेलंच म्हणून समजा."

म्हणजे त्या बाईंना फसवलं, त्या मेल्या. गाडी ठोकून सरळ केली, तोच भाग तसाच ठेवला. मग ताईंना फसवलं. त्याच भागावर, त्याच शब्दांत, दुसऱ्यांदा बिल घेतलं.

"अर्ध्या तासात बदलून देतो," मिस्त्री म्हणाला.

ताईंनी बॉनेट खाली घेतलं.

"बदलायचंय. आधी ज्यानं लावलंय त्याला दाखवून येते."

"अशी नेऊ नका हो. जीव जाईल."

"माझा नाही जाणार," ताई म्हणाल्या. असं का म्हणाल्या, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, चालत्या माणसाच्या वेगानं त्या मामाच्या गॅरेजला आल्या. वाटेत एकही धक्का बसला नाही. एकही सिग्नल लाल लागला नाही.

बाराला वीस कमी होते. गॅरेजात गिऱ्हाइकं होती, सात-आठ माणसं. ताईंनी गाडी बंद केली, किल्ली काढून मुठीत घेतली आणि मामाच्या टेबलावर बिल ठेवलं.

"मामा, मास्टर सिलिंडर नवीन टाकलंत ना?"

"म्हणजे काय? कंपनीचं टाकलं."

"मग चला. टाकीच्या उतारावरून एक चक्कर मारून या."

मामाचा चेहरा उतरला. "हाताला ग्रीस आहे."

"मी फडकं देते."

"नंतर बघू ना, ताई. कामं पडलीत."

"माझ्या आधी ज्यांची गाडी होती, त्यांचंही नवीनच टाकलं होतंत ना? कंपनीचं?"

गॅरेजातले पाने-हातोड्यांचे आवाज थांबले. एक टेम्पोवाला हसला. "काय मामा, डबीएवढ्या गाडीला भिता होय?"

माणसाला मरणापेक्षा चारचौघांतली शोभा मोठी वाटते. मामा उठला. गाडीशी गेला. नेहमीसारखा बाहेरच उभा राहून खिडकीशी वाकला.

"आत बसून," ताई म्हणाल्या.

त्यानं दार उघडलं. सीट पुढे होती. दोन खाचा. तो कसाबसा आत शिरला, पोट स्टिअरिंगला चिकटलं. सीटखालची दांडी ओढून मागे रेटायला लागला.

"जात नाही मागं," तो म्हणाला.

आणि दार लागलं.

आपटलं नाही. घरात कुणी झोपलेलं असताना आपण लावतो, तसं अलगद लागलं.

"किल्ली द्या," मामा काचेतून म्हणाला.

ताईंनी हात वर केला. किल्ली मुठीत होती...

गाडी हलली.

त्या गॅरेजचं अंगण आतल्या बाजूला उतरतं. गाडी बाहेरच्या बाजूला निघाली. चढावर. इंजिनाचा आवाज नाही, टायरचा नाही, कसलाच नाही. बंद काचेआड मामाचं तोंड हलताना दिसत होतं, त्याचाही आवाज नाही. फक्त एकच आवाज येत होता, तो अंगणातल्या सगळ्यांनी ऐकला.

थप... थप... थप थप थप थप.

मामा ब्रेक दाबत होता.

फाटकाशी गाडी क्षणभर थांबली. डावा इंडिकेटर लागला. रस्ता मोकळा आहे का बघावं, तेवढा वेळ गेला. मग ती डावीकडे वळली, टाकीच्या उताराकडे.

लोक धावले. ताईही धावल्या. उतारावर गाडीनं वेग घेतला आणि सगळ्यांना वाटलं, संपलं.

भिंतीला धडकल्याचा आवाज आलाच नाही.

खाली पोचले तेव्हा गाडी उभी होती. भिंत आणि गाडी यांच्यात वीतभर अंतर. कुठं ओरखडा नाही. हँडब्रेक वर ओढलेला. रस्त्यावर टायर घासल्याची खूण नाही.

मामा आत होता. जिवंत. ओरडत होता.

टेम्पोवाल्यानं दार उघडलं. आणि तेव्हा तो आवाज आला...

कट.

सीट एक खाच पुढे सरकली. मामाच्या मांड्या स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या पत्र्यात दाबल्या गेल्या.

कट.

आणखी एक.

चौघांनी सीट मागे रेटली. हलेना. मामाच्या तोंडाला फेस आला.

"सांगतो," तो किंचाळला. "सांगतो! मी बदललं नव्हतं. बाईंचं नाही बदललं, हिचंही नाही. रंग मारला. फक्त रंग मारला."

सगळ्यांनी ऐकलं.

आवाज थांबला. सीट तिथंच राहिली, शेवटच्या खाचेत.

यापुढचं ताईंनी पोलिसांना सांगितलेलं नाही. मास्तरांनाही नाही.

माणसं पहारी शोधायला पळाली. दाराशी ताई एकट्याच होत्या. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि सीटखाली हात घातला. दांडी हाताला लागली.

सैल होती. बोटाच्या ओढीनं सुटेल इतकी सैल.

आणि दांडीवर आधीच एक हात होता.

छोटा. गार. सुईनं टोचून टोचून निबर झालेल्या बोटांचा. त्यानं ताईंचा हात ढकलला नाही. धरला नाही. नुसता थांबला. जणू म्हणत होता, तुम्ही सांगाल तसं.

"मी ओढली असती तर सुटली असती," ताई मला म्हणाल्या. "त्या हातालाही काही हरकत नव्हती. ते मला कळलं. मग मला चष्मेवाल्या काकांचे ओठ आठवले. मास्तरांचे अनवाणी पाय आठवले. आणि मी..."

मी वाट बघितली.

"मी हात काढून घेतला."

सीट कापून मामाला बाहेर काढायला सव्वादोन तास लागले.

गाडी या वेळी मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांनी तपासली. अहवालात लिहिलंय, मास्टर सिलिंडर फुटलेलं, ब्रेकमध्ये ऑइलचा थेंब नाही, ही गाडी उतारावर थांबणं शक्य नाही. मग ती थांबली कशी, याबद्दल अहवालात काही नाही. सीटची घसरपट्टी व्यवस्थित होती, असंही लिहिलंय.

मामानं पोलिसांना सगळं पुन्हा सांगितलं. न विचारता. साडूचा धंदा बंद झाला, त्या दोघांनी विकलेल्या आणखी नऊ गाड्या तपासाला घेतल्या. मास्तरांच्या घरी एक कागद आला, की बाईंची चूक नव्हती. मास्तरांनी तो दोनदा वाचला आणि ताईंना फोन करून तिसऱ्यांदा वाचून दाखवला.

इथं गोष्ट संपायला हवी होती.

पण मांड्यांचं मांस इतका वेळ चेंगरलं की त्यातलं विष रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर बसतं. मामाचे पाय वाचले. मूत्रपिंडं वाचली नाहीत. आमच्या गावात डायलिसिसची सोय एकाच हॉस्पिटलात आहे.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सहाची पाळी.

ताईंनी बदली मागितली होती. दुसरं माणूस नाही म्हणून मिळाली नाही.

तो व्हीलचेअरवरून येतो. आता अंगात काही राहिलेलं नाही. खाटेवर पडतो, हात पुढे करतो. ताई सुई लावतात, नळ्या जोडतात. त्याचं सगळं रक्त त्यांच्या मशीनमधून जातं आणि परत येतं, चार तास.

आणि दर वेळी, मशीन सुरू करायच्या आधी, तो त्यांच्याकडे न बघता विचारतो, "ताई, मशीन नीट तपासलंय ना?"

"मग तुम्ही काय सांगता?" मी विचारलं.

"तपासलंय म्हणून सांगते. आणि खरंच तपासलेलं असतं. दोनदा तपासते." ताई आपल्या हाताकडे बघत होत्या. "पण तो विचारतो आणि मी बोलते, याच्यामध्ये एक क्षण जातो. तेवढ्या वेळात माझ्या हाताशेजारी कुणीतरी येऊन उभं राहतं. काही करत नाही. नुसतं थांबतं."

"बाई?"

ताईंनी मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही.

"आजवर मी दर वेळी उत्तर दिलंय," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

उद्या शुक्रवार आहे. ताईंचा डबा मी आत्ताच भरून ठेवलाय.